एका बर्गरचे परीक्षण





शाळेच्या वार्तापत्रात प्राचार्यांनी बर्गरवर लिहावे हे काही जणांना विचित्र वाटेल. मलाही वाटले. पण गेल्या महिन्यात आपल्या भित्तिपत्रकावर जे घडले ते तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावर अर्धवट आले आहे, आणि अर्धवट गोष्ट पूर्ण गोष्टीपेक्षा वेगाने धावते. म्हणून पूर्ण सांगते. त्या निमित्ताने खाण्याच्या पदार्थाचे परीक्षण कसे लिहावे याबद्दलही थोडे बोलू.

नववीच्या वर्गाला मराठीच्या तासाला एक काम दिले होते. आपल्या परिसरातील कोणत्याही एका गोष्टीचे परीक्षण लिहून आणा. कुणी बागेतल्या घसरगुंडीवर लिहिले, कुणी राजवाड्याजवळच्या रसवंतीवर, एका मुलीने तर आपल्या आजोबांच्या स्कूटरचे परीक्षण केले. एका मुलाने शाळेमागच्या गल्लीतल्या छोट्या रेस्टॉरंटमधल्या बर्गरवर लिहिले. चार टेबले, एक तवा, एक फ्रिज आणि स्वतः मालक, ज्यांना सगळी मुले इंदुरी रिवाजाप्रमाणे ‘भिया’ म्हणतात, एवढाच त्या रेस्टॉरंटचा पसारा.

लेख खुसखुशीत होता. त्यातले एक वाक्य असे : “हा पाव बहुधा होळकरांच्या काळात भाजलेला असावा.” शेवट असा : “पाव शिळा, टिक्की थंड, चटणी गोड. पाचपैकी एक तारा, तोही पाणी गार मिळाले म्हणून.” मी वाचून हसले आणि भित्तिपत्रकावर लावायला सांगितले. ही चूक माझी. मुलाची नाही, हे आधीच नोंदवते.

कुणीतरी त्याचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या व्हॉट्सॲपवर पोहोचला आणि तिथे ‘पाव शिळा’ या दोन शब्दांना पाय फुटले. दुसऱ्या दिवशी “शाळेजवळ शिळे अन्न विकतात” असे झाले होते आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पोटात दुखल्याचेही ऐकू आले. चौथ्या दिवशी भिया माझ्या खोलीच्या दाराशी उभे होते. हातात बेकरीची वही. रोज सकाळी किती बन आले, किती पैसे दिले, सगळे तारखेसकट लिहिलेले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, “मैडम, बासी नहीं था. उसी सुबह का था. तीन दिन से बच्चे नहीं आ रहे.”

मी वही पाहिली. बन खरेच त्या दिवशी सकाळचे होते. मग मुलाला बोलावले. तो रडवेला झाला, पण आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. “मॅडम, पाव तोंडात भुगा होत होता. मी खोटे लिहिले नाही.”

दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नव्हते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी मला बर्गरच्या पोटात शिरावे लागले.

त्याआधी एक गंमत. माझे सारे शिक्षण, अगदी पदवीपर्यंत, हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी, शाळेत हिंदी, अशी आपल्या इंदूरच्या अनेक मराठी घरांची रीत आहे. त्यामुळे काही शब्द अजूनही मला फसवतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर ‘शिक्षा सप्ताह’ असे लिहिले होते आणि मुले दिवसभर धास्तावून बसली होती. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. ‘परीक्षण’ शब्दाचेही तसेच. हिंदीत पुस्तकाची ‘समीक्षा’ करतात आणि ‘परीक्षण’ म्हणजे चाचणी. १९९८ साली पोखरणला झाले ते ‘परमाणु परीक्षण’. तेव्हा बर्गरचे परीक्षण म्हटले की माझ्या मनात आधी स्फोटच येतो, आणि या खेपेला तो झालाही. पण विचार केला तर हिंदीतला अर्थ इथे उपयोगी आहे. चाचणी घ्यायची तर काय मोजतो आहोत हे आधी ठरवावे लागते.

आता त्या तीन छोट्या वाक्यांकडे पाहा. पाव शिळा. टिक्की थंड. चटणी गोड. दिसायला तिन्ही सारखी, पण जातीने वेगळी आहेत. ‘टिक्की थंड’ हे निरीक्षण आहे. जिभेला कळले, लिहिले. शेजारी बसलेल्यालाही तेच कळले असते. ‘चटणी गोड’ हे निरीक्षणही आहे आणि आवडनिवडही, कारण ते तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. पोह्यांबरोबर जलेबी खाणाऱ्या शहरात गोड चटणी हा दोष आहे की गुण, यावर दोन मते होऊ शकतात. ‘पाव शिळा’ मात्र निरीक्षण नव्हेच. तो निष्कर्ष आहे. मुलाला जाणवले ते ‘कोरडा, भुगा होणारा’. त्यावरून त्याने अनुमान काढले की पाव कालचा किंवा परवाचा असणार. जाणीव खरी होती, अनुमान चुकले. आणि दुकानाचे जे नुकसान झाले ते सगळे त्या अनुमानाने केले.

मग सकाळचा पाव दुपारी शिळ्यासारखा का लागावा? भियांना विचारले तेव्हा उत्तर सहज मिळाले. पावसाळ्यात बनला बुरशी लवकर लागते म्हणून ते सकाळी आलेले बन लगेच फ्रिजमध्ये ठेवतात. हेतू स्वच्छ होता, पण पावाला नेमका फ्रिजच मानवत नाही.

पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर स्टार्चचे हे कण हळूहळू पुन्हा रांगेत बसू लागतात, घट्ट होतात आणि पाव कडक, भुगभुगीत लागू लागतो. आपण समजतो की पावातले पाणी उडाले. तसेच असते असे नाही. बुसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिले की पाणी बाहेर जाऊ दिले नाही तरी पाव शिळा होतोच. स्टार्चचे हे रांगेत बसणे सर्वात वेगाने होते ते गोठणबिंदूच्या थोडे वर, म्हणजे बरोबर आपल्या घरच्या फ्रिजच्या तपमानाला. बाहेर फडक्यात गुंडाळून ठेवलेला पाव त्या मानाने जास्त वेळ मऊ राहतो. फार दिवस ठेवायचाच असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, तिथे ही क्रिया मंदावते.

पालकभगिनींना हे वेगळे समजावून सांगायला नको. रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी टणक होतो आणि फोडणी देऊन वाफ आणली की पुन्हा मऊ. भातही स्टार्च, पावही स्टार्च. साधारण साठ अंशांच्या वर गरम केले की ती रांग मोडते आणि मऊपणा परततो, मात्र काही वेळापुरताच. म्हणूनच तव्यावर लोणी लावून शेकलेला बन छान लागतो आणि गार झाल्यावर आधीपेक्षा वाईट.

आता दीड वाजताचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. शाळा सुटली आहे, पंचवीस-तीस मुले एकदम दुकानावर, एकच तवा. तव्यावर टिक्क्या ठेवायच्या की बन शेकायचे? भियांनी त्या गर्दीत बन शेकणे सोडून दिले. फ्रिजमधला बन तसाच कापला, आधी तळून ठेवलेली टिक्की आत घातली. मुलाच्या तक्रारींपैकी पहिल्या दोन्हींचे मूळ तव्याच्या गर्दीत होते, शिळेपणात नव्हते.

मी स्वतः तिथे जाऊन बर्गर खायचे ठरवले. आणि इथे दुसरा धडा मिळाला.

मी गेले तेव्हा भियांनी खुर्ची पुसली, बन दोन्ही बाजूंनी लोण्यात शेकला, टिक्की समोर तळली, वर न मागता चीजची चकती ठेवली आणि पैसे घ्यायला तयार होईनात. बर्गर उत्तम होता. पण तो शाळेच्या प्राचार्यांचा बर्गर होता, नववीतल्या मुलाचा नव्हता. म्हणून दोन दिवसांनी देवासहून आलेल्या माझ्या भाच्याला काहीही न सांगता दीड वाजता पाठवले. त्याला मिळालेला बन न शेकलेला, टिक्की कोमट. तिसऱ्यांदा तोच चार वाजता गेला, तेव्हा गर्दी नव्हती आणि बर्गर जवळजवळ माझ्यासारखाच होता, फक्त चीज नव्हते. पन्नास रुपयांचा तोच पदार्थ, तीन वेळा खाल्ला, तीन वेगळे अनुभव. यातला कोणता एक घेऊन तुम्ही तारे देणार?

वर्तमानपत्रांतून रेस्टॉरंटची परीक्षणे लिहिणाऱ्यांना ही अडचण जुनीच आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रेग क्लेबॉर्न १९५७ साली खाद्यविभागाचे संपादक झाले. त्यांनी घालून दिलेली शिस्त पुढे अनेकांनी उचलली : एकदा नव्हे, अनेकदा जायचे, ओळख द्यायची नाही, आणि पैसे वर्तमानपत्राने भरायचे, दुकानदाराने नव्हे. त्याच वर्तमानपत्रात रूथ राइशल या परीक्षक बाईंनी १९९३ मध्ये ‘ल सर्क’ नावाच्या अतिशय महागड्या रेस्टॉरंटचे परीक्षण लिहिले. त्या आधी वेष बदलून, साध्या अनोळखी बाई म्हणून गेल्या, तेव्हा त्यांना ताटकळत ठेवले गेले. नंतर ओळखल्या गेल्या तेव्हा मात्र राजेशाही पाहुणचार झाला. त्यांनी दोन्ही अनुभव एकाच लेखात शेजारी शेजारी छापले, आणि रेस्टॉरंटचा चारपैकी एक तारा गेला. मी हे वर्गात सांगितले तेव्हा मुलांना वेष बदलण्याची कल्पना फार आवडली. मला आवडले ते दोन्ही अनुभव लिहिणे.

मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. त्या रेस्टॉरंटचा एक तारा गेला तरी त्यांचे दिवे चालूच होते. आपल्या गल्लीतल्या माणसाच्या गल्ल्यात तीन दिवस मुले आली नाहीत तर चौथ्या दिवसाच्या बटाट्यांचे पैसे नसतात. म्हणून लहान दुकानाबद्दल खोटे गोड लिहावे असे माझे म्हणणे नाही. त्यानेही पन्नास रुपये घेतले आहेत आणि नववीतल्या मुलाच्या खिशात पन्नास रुपये ही मोठी रक्कम आहे. पण शब्द निवडताना तो कुठे जाऊन लागणार याचा अंदाज हवा. मोठ्या कंपनीच्या दुकानाबद्दल तुमचे एक वाक्य समुद्रात खडा टाकल्यासारखे. इथे विहीर आहे.

आता बर्गर म्हणजे काय आणि त्याला कोणत्या मापाने मोजावे, ते पाहू. नावावरून काही पालकांचा गैरसमज दिसला म्हणून सांगते, ‘हॅम्बर्गर’मधला ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस नव्हे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरावरून हे नाव आले, जसे आपल्याकडे रतलामची सेव ती रतलामी. अमेरिकेत खिम्याची चपटी वडी पावात घालून विकण्याचा मान आपला, असे सांगणारी गावे बरीच आहेत, त्या भांडणात आपण पडू नये. १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी ‘व्हाइट कॅसल’ने पाच सेंटला छोटे बर्गर विकायला सुरुवात केली आणि तिथून या पदार्थाच्या साखळी दुकानांचे युग सुरू झाले. भारतात मॅकडोनाल्ड्स १९९६ साली आले, दिल्ली आणि मुंबईत. गोमांस न विकणारे त्यांचे जगातले ते पहिले दुकान. पुढे त्यांनीही आलू टिक्की पावात घातली.

पण इंदूरकरांनी या गोष्टीचे फार कौतुक करू नये. छप्पन दुकानातला आपला प्रसिद्ध ‘हॉट डॉग’ आठवा. परदेशातला हॉट डॉग लांबट पावात लांबट सॉसेज घालून करतात. आपला गोल बन, आत गोल टिक्की, तव्यावर खरपूस शेकलेला. नाव हॉट डॉगचे आणि रूप बर्गरचे! अमेरिकन साखळी येण्यापूर्वीपासून इंदूर हे खात आले आहे. आणि मुंबईचा वडापाव घरोघरी माहीत आहेच. तो बर्गरचा धाकटा भाऊ की चुलत काका, हे ज्याचे त्याने ठरवावे. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आला, तेव्हा सोवळेपणा कुणीच मिरवू नये.

इतिहास सांगितला तो मापासाठी. अमेरिकन बर्गर मांसाचा. त्याचा परीक्षक रस किती आहे, मधोमध वडी किती शिजली हे पाहतो. तेच माप आलू टिक्कीला लावणे म्हणजे वरणाला ‘तार येत नाही’ म्हणणे. बटाट्याच्या टिक्कीत रस नसतो. तिची कसोटी आहे वरची कुरकुरीत कड आणि आतला मऊपणा यांतला फरक. ही कड कशी येते? वरच्या थरातले पाणी वाफ होऊन निघून गेले की तिथले तपमान शंभर अंशांच्या पुढे चढू शकते, आणि साधारण एकशे चाळीसच्या पुढे पदार्थातली साखर आणि प्रथिने मिळून तपकिरी रंग आणि भाजल्याचा तो खमंग वास भरभर तयार होऊ लागतो. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया प्रथम मांडली, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. पोळीवरचे डाग, भाकरीचा पापुद्रा, भाजलेल्या रव्याचा वास, सगळी तिचीच लेकरे. टिक्कीत पाणी जास्त असेल किंवा तवा पुरेसा तापला नसेल तर ही क्रिया होतच नाही. टिक्की पांढुरकी राहते, वर तेल पिते आणि बनमध्ये गेल्यावर लगदा होते.

भियांची टिक्की लगदा होत नव्हती. मी कारण विचारले. ते उकडलेल्या बटाट्यात भिजवून पिळलेले पोहे घालतात, थोडे मटार, आले-मिरची, आणि तव्यावर उलटताना वरून जीरावण भुरभुरतात. बटाट्यातले जास्तीचे पाणी पोहे शोषून घेतात आणि टिक्कीला धरून ठेवतात. इंदूरच्या माणसाला कोणत्याही प्रश्नाचे उत्तर पोह्यांत सापडते, हे मला माहीत होते. बर्गरचेही सापडेल असे वाटले नव्हते. ही गोष्ट त्या पहिल्या परीक्षणात कुठेच नव्हती. मुलाला ती दिसली नाही, कारण त्याने विचारले नाही. आणि त्या दुकानात खरोखर लिहिण्यासारखे जे होते ते हेच होते.

बाकी थर साधे. टोमॅटोच्या चकतीला पाणी सुटते, म्हणून बनच्या कापलेल्या बाजूला लोणी लावून शेकलेले असले की ते पाणी पावात लवकर मुरत नाही. कांदा जाड कापला की पहिल्याच घासाला सगळा बाहेर ओढला जातो. आणि उंची. जो बर्गर तोंडात मावत नाही तो फोटोसाठी केलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांचे मत वेगळे आहे.

स्वच्छतेबद्दल मात्र विनोद नको. परीक्षण लिहिणाऱ्याने जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे : पाण्याचे भांडे झाकलेले होते की नाही, पैसे घेतलेल्या हाताने बन उचलला की चिमट्याने, चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावला आहे की नाही. (भियांचा आहे, पण तो फ्रिजच्या मागे होता. आता पुढे आला आहे.) तेल खराब आहे हे जिभेने सिद्ध होत नाही. तळणाचे तेल किती वापरल्यावर टाकायचे याला २०१८ पासून ठरलेली मर्यादा आहे आणि ती यंत्राने मोजतात. आपण फार तर ‘खवट वास आला’ एवढे म्हणू शकतो, आणि तेवढे पुरेसे असते. खरोखर कुणाला खाऊन त्रास झाला तर ते परीक्षणाचे काम नव्हे. आधी डॉक्टर, मग अन्नसुरक्षा विभागाकडे तक्रार. भित्तिपत्रक ही त्याची जागा नाही, आणि व्हॉट्सॲप तर अजिबात नाही. पालकहो, त्या तीन दिवसांत आपल्यापैकी एकानेही भियांना जाऊन विचारले नाही. मी हे रागाने लिहीत नाही. मीही चौथ्या दिवशी ते स्वतः आले तेव्हाच विचारले.

आपल्या एका विश्वस्तांनी बैठकीत सुचवले की यापुढे भित्तिपत्रकावर दुकाने, रेस्टॉरंट असे विषय नकोत. पाऊस, नदी, सहल असे निरुपद्रवी विषय द्यावेत. त्यांची काळजी मी समजते. शाळेचे नाव आहे, शेजारधर्म आहे. तरी मी नम्रपणे नाही म्हटले. पावसावर काहीही लिहिले तरी पाऊस उत्तर द्यायला येत नाही. म्हणूनच त्यावर लिहून शब्दाचे वजन कळत नाही. आपली मुले उद्या फोनवर दिवसातून दहा गोष्टींना तारे देतील : रिक्षा, डॉक्टर, पुस्तक, शिक्षक. तिथे त्यांना कुणी वही घेऊन भेटायला येणार नाही. ते शिक्षण इथेच, मला दार ठोठावून भेटता येते अशा शाळेत व्हावे. विश्वस्त मंडळाने ते मान्य केले, एका अटीवर. दुकानाबद्दलचा कोणताही लेख लावण्यापूर्वी लिहिणाऱ्याने किमान दोनदा, वेगळ्या वेळी, स्वतःचे पैसे देऊन खाल्लेले असावे, आणि कारणाबद्दल काही लिहिणार असेल तर मालकाला आधी विचारलेले असावे. अट चांगली आहे. मला स्वतःला सुचायला हवी होती.

तो मुलगा पुन्हा गेला. दोनदा. पहिल्यांदा दारातूनच परत येणार होता, असे त्याच्या मित्राने सांगितले. भियांनीच हाक मारली. त्याचे दुसरे परीक्षण आता भित्तिपत्रकावर आहे. थोडा भाग इथे देते.

“मी मागच्या वेळी पाव शिळा लिहिले होते. पाव त्या दिवशीचा होता, म्हणून तो शब्द मी परत घेतो. पाव कोरडा होता, हे परत घेत नाही. शाळा सुटल्यावर लगेच गेलात तर घाई असते. चार वाजता गेलात तर बन शेकून मिळतो आणि टिक्की समोर तळतात. टिक्कीत पोहे आहेत हे मला माहीत नव्हते, आता खाताना कळतात. कड कुरकुरीत, आत मऊ. कांदा बारीक कापलेला. पन्नास रुपयांत पोट भरते, पण पाण्याची बाटली वेगळी घ्यावी लागली नाही हे बरे. ‘बन शेकके देना’ असे सांगितले तर गर्दीतही शेकून देतात, पाच मिनिटे थांबावे लागते. चटणी अजूनही फार गोड आहे.”

तारे त्याने दिले नाहीत. विचारले तर म्हणाला, “मॅडम, दीड वाजताचे द्यायचे की चार वाजताचे?”

भियांनी दुकानात बदल केला तो एवढाच की बन आता फ्रिजमध्ये जात नाहीत. सकाळी निम्मे आणि दुपारी निम्मे असे बेकरीवाल्याकडून दोनदा येतात आणि स्वच्छ फडक्याखाली डब्यात राहतात. दुसरा तवा घेण्याइतके पैसे अजून जमलेले नाहीत, त्यामुळे दीड वाजता अजूनही थांबावे लागते. मुले हळूहळू परत आली आहेत, सगळी नाहीत.

गेल्या शनिवारी भिया भित्तिपत्रक पाहायला आले होते. मराठी त्यांना वाचता येते, बोलत नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचले, मान हलवली आणि मला म्हणाले, “बाकी सब सही लिखा है मैडम. पर चटनी तो मीठी ही रहेगी.”